बोनेटची गाडी: मोजमापाच्या नोंदी

२६ ऑक्टोबर २०२५

काम ठरलं ते असं. कसाल–मालवण रस्त्यावरून आत गेलं की एका चिरेखाणीवर टाटाची १२१० एसई उभी आहे. बऱ्याच पावसाळ्यांत हललेली नाही. मालक ती दिवाळीनंतर भंगारात घालणार होते, आता मार्चपर्यंत थांबायला तयार झालेत. तोवर तिची पूर्ण मापं घ्यायची, बाजूने, समोरून आणि वरून अशी तीन रेखाटनं करायची, आणि तिच्यावर ज्यांनी हात काळे केले त्यांच्याशी बोलून घ्यायचं. त्याच खाणीवर एलपीटी १६१३ चालू आहे, चपट्या तोंडाची. तीही मोजायची. दोन्ही एकाच कागदावर, एकाच प्रमाणात. उन्हाळ्यात तालुक्याच्या वाचनालयात लावू.

नाकवाल्या, म्हणजे पुढे बोनेट असलेल्या, गाड्या का गेल्या असं विचारलं की सगळीकडे एकच उत्तर मिळतं, जुन्या झाल्या म्हणून. जुन्या झाल्या तर त्यांच्या जागी नव्या नाकवाल्या यायला हव्या होत्या. त्या का आल्या नाहीत, याचं उत्तर मला कागदावर दिसायला हवं आहे.

२ नोव्हेंबर

पहिला दिवस साफसफाईतच गेला. डाव्या मडगार्डमधून रानवेल केबिनमध्ये शिरली होती. ती कापली, हौदा झाडला, चारी बाजूंनी जॅक लावून चेसिस पाण्याच्या नळीने समपातळीत आणली. चाकांत हवा नाही, त्यामुळे उंचीची मापं रिंगपासून घ्यायची ठरवली. ओळंबा, गुण्या, दोन टेप. मदतीला खाणीवरचा एक मुलगा आहे, त्याला टेप ताठ धरायचा कसा हे सांगावं लागत नाही.

लोक हिला ‘बोनेटची गाडी’ म्हणतात, पण खरं तर हे अर्धं बोनेट आहे. एसई म्हणजे सेमी-फॉरवर्ड. टाटा-मर्सिडीजच्या पहिल्या एल-३१२ गाड्यांचं नाक पूर्ण लांब आणि गोलसर होतं, इंजिन सगळं ड्रायव्हरच्या पुढे. एसईत इंजिनाचा पुढचा भाग बोनेटखाली आणि मागचा भाग केबिनमध्ये, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधल्या कव्हरखाली येतो. म्हणजे चपटेपणाकडे निम्मी वाट ही गाडी आधीच चालून आलेली होती.

केबिन लाकडी. कारखान्यातून चेसिस, इंजिन आणि समोरचा पत्रा एवढंच येई. उरलेली केबिन आणि हौदा बॉडीवाला बांधी. सुतारकाम उत्तम आहे, दाराच्या चौकटीचे सांधे अजून सुटलेले नाहीत. पण इथे एक गोष्ट वेगळी लिहून ठेवतो, कारण खाणीवरच्या गप्पांत ती सारखी मिसळते. लाकडी केबिन जाणं आणि नाक जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत. चपट्या गाड्यांवरही कित्येक वर्षं लाकडी केबिन बसतच होत्या.

८ नोव्हेंबर

पावसाची सर आली, बाहेरचं काम बंद. घरी बसून कालक्रम लावला.

प्रीमिअर ऑटोमोबाईल्स १९४४ मध्ये वालचंद हिराचंदांनी काढली, कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक निघाले. मद्रासकडे १९४८ ची अशोक मोटर्स १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली, तिचा कॉमेट. हिंदुस्थान मोटर्सची बेडफर्ड. आणि टेल्को, म्हणजे पुढची टाटा मोटर्स. १९४५ ला इंजिनांच्या, म्हणजे रेल्वे इंजिनांच्या, कामासाठी सुरू झालेली कंपनी. १९५४ ला डाइमलर-बेंझशी, म्हणजे मर्सिडीजवाल्यांशी, पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. १९६९ ला करार संपला, समोरचा मर्सिडीजचा तारा गेला आणि तिथे ‘टी’ बसला. आपल्या खाणीवरच्या गाडीवर ‘टी’ आहे. खाली बरणीच्या झाकणाएवढा गंज, तो काढला नाही.

एस.टी.चं मात्र वेगळं. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर धावली, त्या काळातल्या बेडफर्ड, शेवरोले वगैरे गाड्या नाकाच्याच होत्या. पण बसने नाक ट्रकच्या किती तरी आधी टाकलं. कारण उघड आहे. बसमध्ये नाकाची जागा म्हणजे बाकांची एक रांग, आणि रांगेला रोजची तिकिटं आहेत. हिशोब कंडक्टरलाही कळेल. ट्रकचा हिशोब इतका सरळ नाही, म्हणून तो इतकी वर्षं लांबला असावा. पुढच्या मापांत हेच तपासायचं.

९ नोव्हेंबर

एलपीटी मोजली. चालू गाडी, दुपारच्या सुट्टीतच हाताला लागते. केबिनच्या आत इंजिनाचं कव्हर, त्यावर रेक्झिनची गादी, त्यावर क्लीनरचा ओला टॉवेल वाळत घातलेला. हात ठेवला तर चटका नाही, पण बसवतही नाही. ड्रायव्हर म्हणाला, पावसाळ्यात ऊब बरी वाटते. एप्रिलात आंब्याच्या भाड्याला निघालं की पनवेलपर्यंत उजवी मांडी थंड आणि डावी भाजलेली.

१ ऑक्टोबरपासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या नव्या मालगाड्यांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. हा नियम नाकवाल्या जमान्यात कुणाच्या डोक्यात आला नसता. इंजिन मांडीशी आणून ठेवल्यावर तो यायला कित्येक वर्षं लागली, एवढंच.

१६ नोव्हेंबर

आज मजा आली. खाणीच्या वरच्या अंगाला मोकळा कातळ आहे, चांगला सपाट. मैदानावर आखायला वापरतात ती फक्की आणली आणि दोन्ही गाड्यांची वरून दिसणारी बाह्यरेषा खऱ्या मापात कातळावर काढली, मागचा फाळका एका रेषेत ठेवून. (याच जिल्ह्यात कुडोपीला कातळशिल्पं आहेत. आपली पहिल्या सरीत वाहून जातील हे बरं, नाही तर पुढे कुणी तरी आम्हाला नाकवाल्या जनावराचे उपासक ठरवेल.)

कागदावर जे चार वेळा बघून कळलं नव्हतं ते उभ्या उभ्या कळलं. एसईचं बंपरपासून केबिनच्या पाठीपर्यंतचं अंतर एलपीटीपेक्षा जवळजवळ दोन फुटांनी जास्त आहे. हे दोन फूट हौद्यातून कापलेले. पूर्ण बोनेट असतं तर तोटा याहून मोठा.

तेवढ्यात मालक आले. रेषांवरून चालून पाहिलं आणि म्हणाले, “मास्तर, नाक आसा म्हणान मी एक तरी चिरो कमी नेलंय काय?”

प्रश्न बरोबर आहे. त्यावर आठवडाभर विचार करायला लागणार.

२२ नोव्हेंबर

मालकांच्या प्रश्नाचं गणित.

एक चिरा साधारण सव्वा फूट लांब, पाऊण फूट रुंद, सात इंच जाड. वजन तीस-पस्तीस किलो. १२१० मधला बारा म्हणजे एकूण वजनाचे टन (दहा म्हणजे दहाच्या पटीत अश्वशक्ती, शंभरच्या आसपास). रिकामी गाडी पाच टन धरली तर माल सात टन. म्हणजे दोनशेच्या थोडे वर चिरे. ते हौद्यात रचले तर दोन थर. दोनच! हौदा गुडघ्याइतकाही भरत नाही. मग हौदा दोन फूट आखूड असला तरी काय बिघडलं? तिसरा थर द्या, झालं. मालक कितवा थर देत असत ते इथे लिहीत नाही.

आता तोच हौदा हापूसला लावा. लाकडी पेटी, आत पेंढा, पेट्यांच्या मध्ये हवा खेळायला फटी. इथे काटा भरायच्या आधी हौदा भरतो. दोन फुटांच्या पट्टीत, पूर्ण रुंदीत, सहा फूट उंच रचल्या तर पन्नासेक पेट्या बसतात. प्रत्येक खेपेला पन्नास पेट्यांचं भाडं नाकाने खाल्लं. वाशीच्या बाजाराला जाणाऱ्याला हे पहिल्याच हंगामात समजतं. मासळीच्या थर्मोकोलच्या पेट्यांना तर आणखी लवकर.

म्हणून आंब्याच्या, मासळीच्या, काजूच्या धंद्यातून नाक आधी गेलं आणि चिरा, वाळू, लाकूड यांत मागे राहिलं. आपल्याकडे लोक म्हणतात खाणीवर जुन्या गाड्या असतात कारण खाणीवाले चिकट. चिकट असतीलही, पण जड मालाला लांब हौदा नको असतो हे त्याच्या आधीचं कारण आहे.

२३ नोव्हेंबर

कुडाळजवळच्या एका गॅरेजात मिस्त्रींशी बोललो. सगळं आयुष्य टाटाच्या गाड्यांत गेलं आहे. मला वाटलं होतं ते बोनेटची बाजू घेतील, कारण सगळे म्हणतात बोनेट उघडलं की इंजिन हातात. त्यांनी मला वेड्यात काढलं.

“चपटी गाडी पावसात बरी. आत बसान पंप सोडवूचो. बोनेट उघडलंय की मिरगाचो पाऊस इंजिनात!”

हे कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं. जिथे चार महिने आकाश फाटलेलं असतं तिथे केबिनच्या छपराखाली इंजिन उघडता येणं ही मोठीच सोय. हवा धरली, डिझेल येईना, तर काचा वर करून आत बसल्या बसल्या एअर काढायची. एसईत पुढच्या नोझलना बंपरवर उभं राहून आणि मागच्यांना केबिनमधून, म्हणजे अर्धं अंग ओलं, अर्धं कोरडं. अख्खी केबिन पुढे कलणाऱ्या नव्या गाड्यांवर मात्र त्यांचा राग आहे. कलवायच्या आधी देव, पाण्याच्या बाटल्या, डबा, चपला सगळं बाहेर काढावं लागतं, आणि ड्रायव्हर एक बाटली हमखास विसरतो. ती काचेवर येऊन आपटते.

इंजिन बदललं म्हणून नाक गेलं का, हेही विचारलं. साफ नाही. ६९२ इंजिन, मग ६९७, दोन्ही नाकवाल्या आणि चपट्या दोन्हींत बसलेली त्यांनी खोलली आहेत. आकड्यांचा अर्थही त्यांनीच सांगितला: सहा सिलिंडर, ९२ किंवा ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. १९९३ मध्ये टाटा कमिन्स ही इंजिनांची कंपनी झाली, तेव्हा सोळा टनाच्या एसईतही कमिन्स इंजिन आलंच. नाकाखाली जागा भरपूर होती.

३० नोव्हेंबर

फोंडा घाटाचा दिवस. खाणीवर पूर्वी एसई चालवणारे काका आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना एलपीटीत क्लीनरच्या बाजूला बसवलं आणि दाजीपूरपर्यंत वर गेलो, परत आलो. ते बोलत होते, मी लिहीत होतो. अक्षर कुणाला वाचता येणार नाही, म्हणून इथे नीट उतरवतो.

वळणावर त्यांचा पाय प्रत्येक वेळी फळीवर दाबला जात होता. एसईत ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या मागे बसतो. चाक वळलं की मग आपण वळतो. चपट्या गाडीत बसायची जागा चाकाच्या वर, जवळजवळ पुढेच. तीव्र वळणावर कठडा जवळ येतो, तरी स्टेअरिंग सरळच ठेवायचं. आपण आणि काच दरीवर लोंबतो, चाक अजून रस्त्यावर मागे असतं, आणि मग तोडायचं. काका म्हणाले, “बोनेट असताना आदी नाक जाय, मागसून मी. ह्या गाडयेत आदी मीच जातंय.”

पण पुढच्याच वळणावर त्यांनी कबूल केलं की खाली रस्त्याची कड दिसते ती चपट्या गाडीतच. नाकाच्या उजव्या-डाव्या कोपऱ्याखाली काय आहे ते एसईत अंदाजानेच. धुक्यात क्लीनरला दार उघडून पायरीवर उभं करायचं, तो बोंब मारी. मे महिन्यात रस्त्यात गुरं बसतात, तीही नाकाखाली गेली की दिसत नसत.

मी त्यांना अपघाताचंही विचारलं. थोडा वेळ गप्प राहिले. समोरासमोर ठोकर झाली तर नाकवाल्याच्या पुढे बोनेट, रेडिएटर, इंजिन, हे सगळं आधी. चपट्याच्या पुढे पत्रा आणि काच. त्यांच्या ओळखीचे दोघं जण पत्र्यामागे बसलेले होते. आता केबिन किती दबली तरी आत माणसाला जागा उरते का, याची चाचणी असते, एआयएस-०२९ नावाचं मानक आहे. लाकडी केबिनची कुणी चाचणी घेतली नव्हती.

खड्ड्यांबद्दल मत विचारायची गरज पडली नाही. चाकाच्या डोक्यावर बसलेल्या माणसाला खड्डा थेट मणक्यात लागतो. उतरताना दोघेही, ड्रायव्हर आणि काका, एकाच वेळी कंबर धरून उतरले.

६ डिसेंबर

रेखाटनं शाईत. बाजूचं झालं. समोरचं उद्या.

१३ डिसेंबर

२२ तारखेच्या गणिताला पुरवणी, आणि ही महत्त्वाची. तिथे मी एकूण वजनच धरलं होतं. ॲक्सलचं, म्हणजे चाकांच्या प्रत्येक आसावर येणारं, वजन आज हिशोबात घेतलं.

दोन ॲक्सलच्या ट्रकची कायदेशीर मर्यादा पूर्वी १६.२ टन होती: पुढे ६, मागे १०.२. जुलै २०१८ मध्ये ती १८.५ झाली: पुढे ७, मागे ११.५. आता कातळावरच्या रेषा आठवा. नाकवाल्या गाडीत केबिन मागे सरकते, तिच्यामागे हौदा, म्हणून मालाचा मध्य मागच्या ॲक्सलकडे झुकतो. मागची मर्यादा आधी संपते, पुढच्या ॲक्सलच्या वाट्याचं वजन वापरलंच जात नाही. चपट्या गाडीत हौदा ड्रायव्हरच्या पाठीलाच लागून सुरू होतो, माल पुढे येतो, दोन्ही ॲक्सल आपापला वाटा पुरा उचलतात.

म्हणजे मालकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं, की काट्यावर जाणाऱ्या गाडीने नाकापायी चिरे कमी नेले असते. यांची गाडी खाणीतून गावातल्या घरांच्या पायापर्यंत जाई, वाटेत वजनकाटा नव्हता. जिथे काटा नाही तिथे नाकाचा तोटाही नाही. हे त्यांना उद्या सांगायचं की नाही याचा विचार करतोय. गाडी मार्चपर्यंत ठेवायची आहे.

१४ डिसेंबर

सांगितलं. हसले. चहा आला.

२१ डिसेंबर

लांबीच्या कायद्याबद्दल जे वाचलं ते थोडक्यात, कारण वाचनालयातल्या तक्त्यावर एक चौकट लागेल.

जर्मनीत १९५० च्या दशकाच्या शेवटी परिवहनमंत्री झेबोम यांच्या नियमांनी ट्रक आणि ट्रेलरची एकूण लांबी १४ मीटरवर आणली. एकूण लांबी बांधली की मालकाला नाक परवडत नाही. पुढे नियम सैल झाले, पण मर्सिडीजच्या सपाट तोंडाच्या ‘एलपी’ गाड्यांनी तोवर पाय रोवले होते. तीच अक्षरं करारातून टाटाकडे आली आणि तारा गेल्यावरही राहिली. आपल्या एलपीटीच्या दारावरची ती हीच.

अमेरिकेत उलट घडलं. तिथेही राज्याराज्यांच्या लांबीच्या मर्यादांमुळे चपट्या गाड्या भरपूर होत्या. १९८२ च्या केंद्रीय कायद्याने मुख्य महामार्गांवर एकूण लांबीऐवजी फक्त ट्रेलरची लांबी धरायला सांगितलं. नाक मोजणीतून सुटलं, आणि दहा-पंधरा वर्षांत तिथले महामार्ग पुन्हा लांब नाकांनी भरले. तेच इंजिन, तेच ड्रायव्हर. टेप कुठून कुठे लावायची एवढाच फरक.

आपल्याकडे दोन-तीन ॲक्सलच्या सरळ ट्रकला १२ मीटरची मर्यादा. खाणीवरच्या दोन्ही गाड्या तिच्या बऱ्याच आत आहेत, त्यामुळे त्यांच्यापुरता ॲक्सलचाच मुद्दा खरा. पण मुंबई–गोवा महामार्ग, जुना १७ आणि आताचा ६६, रुंद झाल्यावर ज्या लांबलचक गाड्या उतरल्या, त्यांना एक फूटही नाकाला देणं शक्य नाही.

४ जानेवारी २०२६

गाडी वाचवता येईल का, असं दोघातिघांनी विचारलं, म्हणून कागद पाहिले. जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षांची अट, आणि फक्त व्यावसायिक नसलेल्या दुचाकी-चारचाकी. आयुष्यभर चिरे वाहिलेल्या गाडीला त्यात जागा नाही. रस्त्यावर परत आणायची तर १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फिटनेसची फी अनेक पटींनी वाढलेली. ती भरूनही पुढे चेसिसचा गंज आहेच. मालकांना मी आग्रह केला नाही. बोनेटचा पत्रा आणि समोरची जाळी मात्र वाचनालयासाठी मागितली, द्यायला तयार आहेत. भिंत पेलेल का ते बघायला हवं.

११ जानेवारी

तक्ता पूर्ण झाला असं वाटत असतानाच खाणीवरच्या मुलाने, टेप धरणाऱ्याने, अडचण काढली. म्हणाला, सर, नाक गेलं म्हणता, मग ही काय? बाहेर बोलेरो पिकअप उभी होती, बोनेटसकट.

खरंच आहे. गावातून आंबा हल्ली पिकअपमध्येच निघतो, आणि पिकअपला जीपच्या वंशाचं ठसठशीत नाक आहे. १९८० च्या दशकात जपानी मदतीने चपट्या तोंडाच्या हलक्या गाड्या चार-चार आल्या, डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, ऑल्विन निसान, आयशर मित्सुबिशी. त्यांच्यासमोर १९८६ ला टाटाने ४०७ आणली ती आखूड नाकाची, आणि ती टिकली. २००५ चा टाटा एस मात्र इंजिन सीटखाली घालून आला.

म्हणजे तक्त्याला खालची बाजू जोडावी लागणार. हलक्या गाडीला ॲक्सलच्या मर्यादेचा जाच कमी, लांबीच्या मर्यादेचा नाहीच, आणि गावातल्या पाणंदीत नाकामागे बसलेला ड्रायव्हर खड्ड्याला कमी शिव्या देतो. हे माझं अनुमान. मापं घेतल्याशिवाय तक्त्यावर जाणार नाही. पिकअपवाल्याला रविवारी सकाळी वेळ आहे, माल उतरवून झाल्यावर. फक्की उरली आहे, कातळही कोरडा आहे. मागचा फाळका त्याच रेषेला लावायचा.